सुती कापडावर पानांचे ठसे टिकत नाहीत: दोष शोधण्याची रीत

कापडावर पाने मांडून, ते घट्ट गुंडाळून आणि वाफवून घेतले की गुंडाळी उलगडताना बहुधा समाधान वाटते. पानाची कड, शिरा, क्वचित कीड लागून पडलेले भोकसुद्धा कापडावर उतरलेले असते. तक्रार त्यानंतर सुरू होते. पहिल्या धुण्यात ठसा निम्म्याने फिका होतो, दुसऱ्या धुण्यात त्याच्या जागी पिवळसर डाग उरतो. कधी उलगडतानाच ठशाभोवती राखी ढग पसरलेला दिसतो. कधी एकाच कापडाच्या एका टोकाला ठसे स्पष्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाहीसे असतात. पानांचे असे ठसे कापडावर उमटवणाऱ्यांमध्ये, म्हणजे इको प्रिंट करणाऱ्यांमध्ये, ही तक्रार पुन्हापुन्हा ऐकू येते, आणि तिच्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात: पान बदला, जास्त वेळ वाफवा, लोह (म्हणजे हिराकस हा लोहाचा क्षार) वाढवा. हे तिन्ही उपाय एखाद्या विशिष्ट दोषावर बरोबर असू शकतात, परंतु दोष कोणता आहे हे न ठरवता ते एकत्र केले तर पुढच्या कापडात काय सुधारले आणि कशामुळे सुधारले हे कळायला मार्ग उरत नाही.

दोष ओळखण्यासाठी ठसा कसा दिसतो यापेक्षा तो नेमका कधी बिघडला हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. उलगडताना कापड कोरेच निघाले असेल, तर पानातून रंगद्रव्य बाहेर आले नाही किंवा पान कापडाला टेकले नाही. उलगडताना ठसा पसरलेला असेल, तर गुंडाळीच्या आत पाणी किंवा लोह जागचे हलले आहे. उलगडताना ठसा रेखीव होता आणि धुण्यात गेला, तर रंगद्रव्य कापडावर नुसते बसले होते, धाग्याशी बांधले गेले नव्हते. आणि धुण्यात टिकलेला ठसा पुढे कपाटात किंवा उन्हात उडाला असेल, तर ते रंगद्रव्यच मुळात अल्पायुषी आहे. या चारही अवस्थांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांपैकी एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. सुती कापडाच्या बाबतीत तिसरी अवस्था सर्वांत जास्त आढळते, म्हणून तिच्याविषयी आधी आणि सविस्तर लिहितो.

धुण्यात जाणारा ठसा

पानांच्या ठशांविषयी जे सल्ले सर्वत्र फिरतात त्यांतील बरेचसे लोकर आणि रेशीम यांच्या अनुभवातून आलेले आहेत. निलगिरीची काही पाने लोकरीवर किंवा रेशमावर नुसती गुंडाळून वाफवली, तर कोणत्याही रंगबंधकाशिवाय (रंगद्रव्याला धाग्याशी बांधणाऱ्या पदार्थाशिवाय) नारिंगी ते विटकरी ठसा उमटतो आणि तो टिकतो. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. रंगद्रव्याला आणि धातूच्या क्षारांना धरून ठेवतील असे रासायनिक गट त्यांच्या रेणूंमध्ये भरपूर असतात. सुती धागा हा सेल्युलोज आहे आणि त्याच्याकडे अशी पकड फारच थोडी असते. त्यामुळे लोकरीवर यशस्वी ठरलेली कृती सुती कापडावर जशीच्या तशी केली की ठसा उमटलेला दिसतो, पण धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. येथे पानाला दोष देण्याचे कारण नाही. सुती कापडाला ही पकड आपण तयार करून द्यावी लागते आणि ते काम पान कापडाला लागण्याच्या बरेच आधी पूर्ण व्हावे लागते.

सर्वांत पहिली पायरी कापड निर्मळ करण्याची, आणि हीच पायरी सर्वाधिक वेळा घाईत उरकली जाते. कच्च्या सुती धाग्यावर नैसर्गिक मेण आणि पेक्टिन असते, विणताना ताण्याला खळ दिलेली असते, आणि तयार कपड्यांवर मऊपणासाठी आणखी काही लेप दिलेले असू शकतात. कापड पांढरेशुभ्र दिसते म्हणून ते स्वच्छ आहे असे समजू नये. शंभर ग्रॅम कोरड्या कापडाला चार ते पाच ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा सौम्य साबण घालून, कापड मोकळेपणाने हलेल इतक्या पाण्यात ते एक ते दोन तास उकळावे. पाणी पिवळट किंवा तपकिरी झाले, तर आत काय दडले होते ते दिसतेच. फारच गढूळ झाले, तर नव्या पाण्यात हीच कृती पुन्हा करावी. (हा सोडा आणि ही उकळी लोकरीला आणि रेशमाला चालत नाही, त्यांच्यासाठी सौम्य, उदासीन साबण आणि मंद उष्णताच वापरावी.)

कापड खरोखर निर्मळ झाले का, हे तपासण्याची पद्धत अगदी सोपी आहे. वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो टेकताक्षणी आत शिरून पसरला, तर कापड तयार आहे. काही सेकंद मण्यासारखा वर बसून राहिला, तर मेण किंवा लेप शिल्लक आहे. थेंब एकाच जागी सोडून थांबू नये, मध्यभागी, काठाजवळ आणि घडीच्या रेषेवरही सोडून पाहावा. एका भागात थेंब शिरतो आणि दुसऱ्या भागात थांबतो असे दिसले, तर पुढे ठसे कोठे उमटतील आणि कोठे नाहीत याचा नकाशाच आपल्या हाती आला असे समजावे. वारंवार उकळूनही थेंब वर राहत असेल, तर कापडावर सुरकुतीरोधक किंवा जलरोधक प्रक्रिया झालेली असण्याची शक्यता आहे, आणि ती घरच्या धुण्याने निघत नाही. सुती म्हणून घेतलेल्या कापडात पॉलिएस्टर मिसळलेले असू शकते, हेही लक्षात ठेवावे. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळले की कळते: सुताला जळालेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

यानंतर रंगबंधक. तुरटी हे परिचित आणि तुलनेने निरुपद्रवी रंगबंधक आहे, तथापि सुती कापड नुसते तुरटीच्या पाण्यात भिजवल्याने फारसे काही साधत नाही. तुरटीतील ॲल्युमिनियम सेल्युलोजला सहजासहजी चिकटत नाही, आणि कापड खळबळताच त्यातील मोठा भाग निघून जातो. म्हणून मध्ये टॅनिनचा, म्हणजे वनस्पतींतील तुरट द्रव्याचा, थर द्यावा लागतो. टॅनिन सेल्युलोजला धरते आणि ॲल्युमिनियम टॅनिनला. शंभर ग्रॅम कोरड्या कापडाला पंधरा ते वीस ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात, म्हणजे साधारण ४० ते ५० अंश सेल्सियस तापमानाला, एक-दोन तास द्यावी. कापड पिळून, न धुता, पंधरा ग्रॅम तुरटी आणि सुमारे दोन ग्रॅम धुण्याचा सोडा यांच्या द्रावणात घालावे. तुरटी आणि सोडा वेगवेगळे विरघळवून हळूहळू एकत्र करावेत, कारण त्यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड निघून फेस वर येतो आणि लहान भांडे असेल तर ते उतू जाते. या द्रावणात कापड काही तास किंवा रात्रभर ठेवावे आणि मधूनमधून हलवावे. गोळा होऊन पडलेल्या कापडाला रंगबंधक सारखे लागत नाही आणि त्या घड्या पुढे ठशांमधून फिकट पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागतात.

हिरड्याने कापडाला पिवळसर छटा येते, हे आधीच गृहीत धरावे. जमीन, म्हणजे ठशांमागचे कापड, पांढरी हवी असेल, तर मायफळ (ओकच्या झाडावरची टॅनिनयुक्त गाठ) अधिक बरे. त्याच्या टॅनिनला स्वतःचा रंग फारसा नसतो आणि ते सात-आठ ग्रॅमही पुरते. टॅनिन टाळायचेच असेल, तर ॲल्युमिनियम ॲसिटेट हा दुसरा मार्ग आहे. कापडाच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के ॲल्युमिनियम ॲसिटेट देऊन कापड पूर्ण वाळवायचे असते. वाळताना ॲसिटिक आम्ल उडून जाते आणि ॲल्युमिनियम धाग्यावर राहते, त्यामुळे वाळवण्याची पायरी गाळली की सगळा खटाटोप वाया जातो. वाळल्यावर खडूच्या भुकटीच्या पाण्यातून, एका लिटरला सुमारे दहा ग्रॅम, कापड काढावे. त्याने उरलेले आम्ल शमते, ॲल्युमिनियम पक्के बसते आणि न चिकटलेला भाग सुटून जातो.

मीठ आणि व्हिनेगर यांच्याविषयीही येथे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. या दोन्ही पदार्थांनी वनस्पतिज रंग 'पक्का' होतो असे सतत सांगितले जाते, पण यांपैकी एकही रंगबंधक नाही. व्हिनेगरमुळे द्रावणाची आम्लता बदलते आणि त्यामुळे काही रंगांची छटा बदलते, इतकेच. सोयाबीनच्या दुधाचा प्रकार थोडा निराळा आहे. त्यातील प्रथिनांचा पातळ लेप धाग्यावर बसतो आणि रंगद्रव्याला काही आधार मिळतो, त्यामुळे ठसा गडद दिसतो. मात्र तो लेप रंगबंधकाची जागा घेऊ शकत नाही, आणि जाड थर दिला तर लेपासकट ठसा झिजत जातो.

उलगडतानाच पसरलेला ठसा

पानाभोवती राखी-काळसर वलय येणे, शिरा एकमेकींत मिसळणे, ठशाची एक बाजू वाहत गेल्यासारखी दिसणे, या सर्वांच्या मुळाशी बहुतेक वेळा जास्तीचे पाणी असते. टॅनिन आणि हिराकसातून आलेले लोह दोन्ही पाण्यात विरघळतात आणि जेथे जेथे पाणी सरकते तेथे त्याच्याबरोबर सरकतात. टिपकागदावर शाई जशी पसरते तसाच हा प्रकार आहे. कापड मुठीत घट्ट पिळल्यावर एकही थेंब पडू नये, इतपतच ते ओलसर असावे. पाने भिजवलेली असतील, तर जुन्या कापडाच्या दोन घड्यांमध्ये दाबून वरचे पाणी टिपून घ्यावे. पान लोहाच्या द्रावणात बुडवून लावण्याच्या पद्धतीत ही काळजी विशेष महत्त्वाची, कारण गुंडाळी आवळताना पानावरचे द्रावण कडेकडे दाबले जाते आणि नेमके तेथेच काळे वलय तयार होते.

लोहाचे प्रमाणही तपासावे. हिराकस कापडाच्या वजनाच्या दोन टक्के, फार तर चार टक्के पुरे. त्यापुढे रंग खुलत नाही, मळकट होतो, शिवाय जास्तीचे लोह काळानुसार धागा कमकुवत करते. लोकर आणि रेशीम यांना त्याचा त्रास अधिक होतो. हिरडा दिलेल्या कापडावर लोहाची चादर, म्हणजे हिराकसाच्या पाण्यात भिजवून पिळलेले दुसरे कापड, वरून ठेवली तर लोह पानाबाहेरच्या टॅनिनशीही संयोग पावते आणि सगळी जमीन राखाडी होते. ठसा तेथे असतो, पण जमिनीपेक्षा वेगळा दिसत नाही. हा परिणाम हेतुपुरस्सर साधला तर सुंदर दिसतो. नको असेल, तर लोह फक्त पानाला द्यावे, चादर वापरू नये.

आपण लोह दिलेच नसताना राखी झाक येत असेल, तर पाण्यावर संशय घ्यावा. विंधन विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा लोह असते. एका काचेच्या भांड्यात ते पाणी घेऊन त्यात हिरड्याचे गाळलेले दाट द्रावण घालावे. मिश्रण निळसर काळे पडू लागले, तर पाण्यात लोह आहे. गंजलेले भांडे किंवा गंजलेला पाइप गुंडाळीसाठी वापरल्यानेही हेच होते. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी आणि स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरून एक लहान तुकडा करून पाहावा.

पाण्यानंतर घट्टपणा. पान आणि कापड यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली, तर वाफेचे पाणी तेथे साचते आणि ठसा अस्पष्ट होतो. देठ आणि जाड मधली शीर हे याचे नेहमीचे कारण. देठ कापून टाकावा, शीर लाटण्याने किंवा लाकडी हातोडीने चेपून घ्यावी, आणि कापड काठीवर गुंडाळताना प्रत्येक फेऱ्याला ताण कायम ठेवावा. सुतळी अंतर सोडून बांधली, तर मधला भाग सैल राहतो. ती जवळजवळ फेऱ्यांनी आवळावी. मागच्या थरातील पानाची सावली पुढच्या थरावर उमटत असेल, तर मध्ये पातळ प्लास्टिकचा किंवा बटर पेपरचा अडथळा घालावा. झाकणावर जमणारे पाणी गुंडाळीवर ठिबकू नये म्हणून झाकणाला आतून जाड कापड बांधावे. गुंडाळी थेट पाण्यात उकळण्याची पद्धत काही जण वापरतात आणि तिच्यातून येणारी मृदू, मिसळलेली रेघ त्यांना आवडते. रेखीव कड हवी असेल, तर मात्र वाफच योग्य.

एक खूण सहज निसटते. बाहेरच्या फेऱ्यांवर ठसे चांगले आणि काठीजवळच्या फेऱ्यांवर फिके असतील, तर उष्णता आतपर्यंत पोचलेली नाही. दीड ते दोन तासांची वाफ सामान्य जाडीच्या गुंडाळीला पुरते, परंतु मोठे कापड एकाच काठीवर गुंडाळले तर ते पुरत नाही. वेळ वाढवत बसण्यापेक्षा भरीव काठीऐवजी पोकळ पाइप घ्यावा किंवा कापडाच्या दोन गुंडाळ्या कराव्यात. गुंडाळी पूर्ण थंड झाल्याशिवाय उलगडू नये.

कोरे निघालेले कापड

येथे मात्र दोष पानाचा असू शकतो. प्रत्येक पानात कापडावर उतरेल असे रंगद्रव्य नसते. टॅनिन भरपूर असलेली पाने, उदाहरणार्थ गुलाब, पेरू, निलगिरी, अक्रोड, ओक, भरवशाची असतात. एरंडाचे पान ठसठशीत उमटते, आणि सागाच्या कोवळ्या पानांतून तांबूस-जांभळी छटा मिळते. हिरव्यागार, रसाळ, नाजूक पानांतून हिरवा रंग कापडावर राहील अशी अपेक्षा बाळगू नये, कारण हरितद्रव्य या प्रक्रियेत टिकत नाही. एकाच झाडाच्या पानातही वय आणि ऋतू यांप्रमाणे फरक पडतो, म्हणून मागच्या वेळी उमटलेले पान या वेळी उमटलेच पाहिजे असे नाही. बहुतेक पानांची खालची, शिरा वर आलेली बाजू अधिक स्पष्ट ठसा देते. ती कापडाला लावून पाहावी. कण्हेर, धोतरा यांसारखी विषारी पाने वाफवण्यासाठी घेऊ नयेत, वाफ हवेशीर जागी काढावी, आणि या कामाची भांडी स्वयंपाकाकडे कधीही परत नेऊ नयेत.

उन्हात उडणारा रंग

जास्वंद, बोगनवेल, बीट, लाल कोबी यांचे ठसे ओले असताना मोहक दिसतात. त्यांतील काहींचा रंग उष्णतेनेच जातो, काहींचा साबणाने बदलतो, आणि जो उरतो तो उजेडात उडतो. हळदीचा पिवळा रंग सुती कापडाला चटकन लागतो, पण उन्हापुढे तोही टिकाव धरत नाही. यावर रंगबंधकाचा फारसा उपाय नाही. टिकाऊ काम हवे असेल, तर या वनस्पती सोडून द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळ्यासाठी झेंडू आणि नारिंगीसाठी कॉसमॉस तुरटीवर पुष्कळ अधिक चांगले वागतात. शंका असेल, तर ठसा उमटलेली पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकून पंधरवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवावी आणि दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहावेत.

धुण्याची घाई आणि साबण

वरचे सर्व नीट करूनही घाईने धुतलेले कापड निराश करते. उलगडल्यावर पाने झटकून कापड सावलीत वाळवावे आणि काही दिवस, शक्यतो आठवडाभर, तसेच राहू द्यावे. हवेच्या संपर्काने लोह-टॅनिनचा काळा संयोग गडद होत जातो. मग उदासीन साबणाने हलके धुवावे. नेहमीच्या धुण्याच्या पावडरी अल्कधर्मी असतात, काहींत विरंजकही असते, आणि त्यांच्यामुळे पिवळ्या-तपकिरी छटा बदलतात. उलट लिंबू किंवा सायट्रिक आम्ल लोहाचा ठसा अक्षरशः पुसून टाकते, त्यामुळे रंग पक्का करण्यासाठी शेवटी लिंबाचे पाणी देण्याचा सल्ला लोहाच्या ठशांना तर घातकच आहे.

तरीही कारण सापडत नसेल, तर अंदाज बांधणे थांबवून पट्ट्यांची परीक्षा घ्यावी. एकाच कापडाच्या चार पट्ट्या कराव्यात: पहिली दुकानातून आणलेली तशीच, दुसरी फक्त निर्मळ केलेली, तिसरी निर्मळ करून टॅनिन आणि तुरटी दिलेली, चौथी तिसरीसारखीच पण पान लोहात बुडवून लावलेली. शाईने केलेली खूण जाते, म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक, दोन, तीन, चार अशा दोऱ्याच्या गाठी घालाव्यात. एकाच झाडाची, शक्यतो एकाच फांदीची पाने चारही पट्ट्यांवर मांडून त्या एकाच भांड्यात वाफवाव्यात आणि प्रत्येक पट्टी अर्धी कापून अर्धीच धुवावी. दुसरी आणि तिसरी पट्टी धुतल्यावर सारखीच फिकी दिसत असेल, तर रंगबंधक लागलेलेच नाही. पहिली आणि दुसरी न धुताही सारखीच डागाळलेली असेल, तर निर्मळ करण्यातच चूक आहे.

बिघडलेले कापड टाकून देण्याची गरज सहसा पडत नाही. ज्या ठशांचा रंग धुण्यात गेला त्यांच्या जागी बऱ्याचदा टॅनिनचा फिकट अंश शिल्लक असतो, आणि कापडाच्या वजनाच्या एक टक्का हिराकस घातलेल्या कोमट पाण्यात कापड पाच-दहा मिनिटे फिरवले की गेलेली आकृती राखाडी रंगात वर येते. कापडाला आधी हिरडा दिला असेल, तर जमीनही त्याच प्रमाणात काळवंडेल, म्हणून हा उपाय आधी कोपऱ्यावर करून पाहावा. टॅनिनचा अंशही उरला नसेल, तर कापड सोड्यात पुन्हा उकळावे, थेंबाची परीक्षा घ्यावी, आणि टॅनिन-तुरटी देऊन जुन्या ठशांच्या वर नवी पाने मांडावीत.